पौर्णिमेचं पाणी

१

बारा मेला सकाळी काजळवाडीच्या टेकडीवर पोकलेन चढलं आणि अर्ध्या तासात नंदाबाई माझ्या दारात आली. भीमनगरच्या मागच्या गल्लीपासून माझं घर दीडशे पावलांवर असेल, तेही सपाटीवर. तेवढ्यानं तिला धाप लागली होती. ती उंबऱ्यावर टेकली, छातीवर हात ठेवून थोडा वेळ नुसती बसली, मग पदराखालून एक कागद काढून माझ्यापुढे धरला.

ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल होती. ठराव क्रमांक नऊ. गावच्या टेकडीवर खडी केंद्र सुरू करण्यास ग्रामसभेची हरकत नाही, सर्वानुमते मंजूर. तारीख एक मे. मागे हजेरीची पानं जोडलेली. एकशे बारा माणसं, त्यातल्या त्रेचाळीस भीमनगरच्या बायका. पहिलीच सही नंदाबाईची, मोठमोठ्या अक्षरांत, शेवटी एक टिंब.

"सही माझीच हाये, बाई," ती म्हणाली. "मी न्हाई म्हणायला गेल्ते. मंग हो कोण म्हणलं?"

नंदाबाई लग्न होऊन गेली ती खडी केंद्रावरच. नवरा-बायको दोघं अकरा वर्षं दगड फोडत होती. नवरा खोकून खोकून गेला. तिच्या छातीचा फोटो काढून जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की, अर्धी छाती दगडाची झाली आहे. पुन्हा धूळ लागली तर वर्षाचाही भरवसा देता येणार नाही. म्हणून ती माहेरच्या गावी परत आली. घरकुलाच्या यादीत नाव लागलं आणि गेल्या दिवाळीत दोन खोल्या उभ्या राहिल्या. घराची मागची भिंत टेकडीकडे आहे. खडी केंद्राची बातमी आल्यावर दारोदार फिरून बायका गोळा केल्या त्या तिनेच.

"मला दुसरं घर न्हाई," ती म्हणाली, "आन् दुसरी छाती बी न्हाई. कोणी केलं हे तेवढं शोधून द्या. तुमच्यापुढं गाव खोटं बोलत न्हाई."

मी एकतीस वर्षं अंगणवाडी चालवली. अर्ध्या गावानं माझ्या हातची खिचडी खाल्ली आहे, त्यामुळे मला दारातून परत कोणी लावत नाही, एवढंच. पण तिला नाही म्हणणं मला जमलं नाही. मी विचारलं, त्रेचाळीस जणी तिथं बसलेल्या असताना हा विषय मंजूर झालाच कसा?

ती खाली बघत म्हणाली, "आमी बसलेलोच नव्हतो."

२

यंदा बुद्धपौर्णिमा आणि महाराष्ट्र दिन एकाच दिवशी आले. सकाळी विहारात वंदना झाली, खीरदान झालं, आठला शाळेत झेंडा झाला आणि साडेनऊला ग्रामसभा बसली. मी सभेला नव्हते. पौर्णिमेला माझं अष्टशील असतं. साडेनऊ ते बारा विहारात डोळे मिटून, मौन धरून बसायचं, हा माझा एकोणीस वर्षांचा नेम. त्या दिवशीही तशीच बसले होते. बायका सभेला गेल्या, पुरुष गेले, भीमनगर रिकामं झालं. मधेच एकदा मागच्या कपाटाचं कुलूप उघडल्याचा आवाज झाला, थोड्या वेळानं पुन्हा एकदा. कोणीतरी खिरीची भांडी ठेवायला आलं असेल म्हणून मी डोळे उघडले नाहीत.

सभेत काय झालं ते मला ग्रामसेविका तृप्ती मॅडमनी सांगितलं. त्यांना गावात येऊन एकच वर्ष झालं आहे. हाताखाली दोन गावं, त्यामुळे त्या नेहमी उठायच्या तयारीत बसलेल्या असतात. पण रजिस्टर त्यांनी स्वतःहून पुढं केलं. विषय क्रमानेच घेतले होते. नववा विषय यायला पावणेअकरा झाले. त्याआधी दहा मिनिटं कोणाचा तरी फोन वाजला, भीमनगरमध्ये पाणी सुटलं अशी कुजबुज झाली आणि बघता बघता पुढच्या सतरंज्या रिकाम्या झाल्या. राहिले एकोणसत्तर. त्या सगळ्यांनी हात वर केले.

"मी काय लिहायचं होतं, बाई?" मॅडम म्हणाल्या. "विरोध करायला कोणी नव्हतं. सही तर दारातच घेतो आम्ही."

भीमनगरला अकरा दिवसांनी पाणी येत होतं. टाकीचं पाणी गल्ल्यागल्ल्यांना पाळीनं सोडतात. पाळी चुकली की पुढचे अकरा दिवस विकत किंवा वाहून. अशा वेळी कोणती बाई सतरंजीवर बसून राहील? मात्र नंदाबाई राहिली असती. कारण तिच्या मागच्या गल्लीला पहिले दोन तास नुसती हवा येते, पुढच्या गल्लीचं भरून झाल्यावर करंगळीएवढी धार. त्या दिवशी शेजारणीनं फोनवर सांगितलं की, मागच्या गल्लीतच नळ धो धो चाललेत, ड्रम वाहून राह्यलेत. घर झाल्यापासून तिच्या नळाला असं पाणी कधी आलं नव्हतं. तिनं हिशेब केला, दहा मिनिटं जाऊन येते. परत आली तेव्हा सभा संपली होती. झाडाखाली उभी असलेली आपली माणसं म्हणाली, विषय राहिला, पुढच्या वेळी घेणार.

भीमनगरची पाळी तीन मेला होती. एक मेला पाणी कोणाच्या सांगण्यावरून सुटलं, हे मी मॅडमना विचारलं.

त्यांनी फाईल उघडून एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. त्यावर भीमनगरसाठी जादा पाणी मागितलं होतं. अक्षर माझं होतं, खालची सहीसुद्धा माझीच.

३

अर्ज मीच दिला होता, महिला मंडळाच्या वतीनं, सत्तावीस एप्रिलला. पण त्यात मागितलं होतं तीस तारखेच्या संध्याकाळी, खिरीसाठी. तीसला पाणी आलंच नाही. विसरले असतील म्हणून आम्ही पहाटे अप्पारावांच्या मळ्यातून चाळीस हंडे वाहून आणले आणि सहाच्या आत खीर चुलीवरून उतरवली. आता अर्जाच्या कडेला लाल शाईत लिहिलेलं दिसलं: एक मे, सकाळी दहा. ते मॅडमनी लिहिलं होतं, वसंतानं येऊन सांगितल्यावर. तुमच्याच लोकांची तशी मागणी आहे, असं तो म्हणाला होता.

अर्ज दिला तेव्हा कचेरीत चौघं होती. मॅडम, सरपंच साहेबराव, आमच्या वार्डाचा मेंबर शिवाजी आणि पाणी सोडणारा वसंता. चौघांनाही ठाऊक होतं की, भीमनगरला पौर्णिमेसाठी पाणी हवं आहे.

मी आधी साहेबरावांच्या ओट्यावर गेले. त्यांनी चहा सांगितला, मी दुपारनंतर काही घेत नाही म्हटल्यावर स्वतःच दोन्ही कप प्यायले.

"पाणी न्हाई दिलं तर हंडे घेऊन मोर्चा," ते म्हणाले, "आन् दिलं तर चौकशी. बाई, तुमीच सरपंच व्हा."

खडी केंद्र यावं असं त्यांना वाटत होतं, ते त्यांनी लपवलं नाही. पण त्रेचाळीस बायका पुढं येऊन बसल्यावर त्यांनी हा विषय पुढं ढकलायचं मनाशी ठरवलं होतं. सभेत पाणी सुटल्याचा फोन आला तेव्हा त्यांना खरंच नवल वाटलं होतं. माझा त्यांच्यावर विश्वास बसला. साहेबराव जे करतात ते चार लोकांत, माईकवरून करतात. असं गपचूप काम त्यांच्या स्वभावात नाही.

वसंता टाकीखाली बसून नळाचे रबरी वायसर कापत होता. लहानपणी तो माझ्या अंगणवाडीत खिचडीतले वाटाणे वेचून आधी खायचा. मला बघून उभा राहिला. निरोप कोणाचा होता ते मी विचारलं.

"खिरीला दहाला पाणी लागतं, असं सांगितलं मला," तो म्हणाला. "मला काय म्हाईत तुमची खीर कवा शिजती."

ही गोष्ट माझ्या मनात रुतली. उपोसथ, म्हणजे पौर्णिमेचा उपास, धरणारी माणसं बारानंतर जेवत नाहीत, म्हणून आमची खीर उजाडायच्या आत शिजते. भीमनगरच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. मग दहा वाजताची खीर सांगणारा माणूस एकतर आमच्यातला नव्हता, किंवा आमच्यातला होता आणि वसंताला यातलं काही कळत नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी पुन्हा नाव विचारलं. वसंतानं मान हलवली.

"तुमच्यापुढं त्याचं नाव न्हाई घेत मी."

भीत असेल असं मला वाटलं. मी उठले तेव्हा तोच मागून बोलला.

"पर एक ध्यानात घ्या, बाई. मी भीमनगरची मोठी चावी फिरवली, तेवढीच. पुढची गल्ली दाबून मागच्या गल्लीत जोर दिला तो माझ्या हातचा न्हाई. त्याचं चाक माझ्याकडं नसतंच. ते तुमच्या विहारात ऱ्हातं."

४

वसंताचं बरोबर होतं. दोन गल्ल्यांच्या फाट्यावर, विहाराच्या भिंतीलगत एक खड्डा आहे आणि त्यात पाणी वाटणारा वॉल्व्ह. दोन सालांपूर्वी त्यावरून दोन्ही गल्ल्यांत काठ्या निघाल्या, एकाचं डोकं फुटलं. शेवटी पंचांनी वॉल्व्हचं चाक काढून विहाराच्या कपाटात ठेवलं. तिथं ठेवलेल्या वस्तूवर कोणी संशय घेणार नाही, म्हणून.

मी विहारात जाऊन कपाट उघडलं. कपाट जुनं, लोखंडी. बिजागरं खाली बसल्यामुळे दार फरशीवर खरखरतं. ते खालून हातानं थोडं उचलून उघडावं लागतं. चाक खालच्या खणात होतं. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलं होतं. आता कागद नव्हता आणि चाकाच्या आऱ्यांत चिखल वाळलेला होता. कुलपाला ओरखडासुद्धा नव्हता.

तिथून मी टेकडीवर गेले. खडी केंद्राचे मालक गोपीकिशनजी जुन्या जालन्याचे. छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते, मला बघून उठले आणि मला सावलीत बसवून स्वतः उन्हात उभे राहिले.

"माताजी, मी सरपंचांना सांगून ठेवलं होतं. बायकांची नाराजी असेल तर जबरदस्ती करू नका. मी दुसरी टेकडी पाहीन, तालुक्यात टेकड्यांचा काय तोटा. सभेत एकजण जरी नाही म्हणाला असता, तरी मी अर्ज मागे घेतला असता. मला तर सगळे खूश आहेत असंच कळलं. तुमच्या लोकांनी तर कामाची यादी पण आधीच पाठवली."

कोणती यादी, मी विचारलं.

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. शिवाजी मेंबरनं एप्रिलमध्येच पोचवला होता. भीमनगरमधून कामावर घ्यायची एकोणीस माणसं. एकोणीस हा आकडा मी सकाळीच पाहिला होता. हजेरीच्या पानांवर भीमनगरचे पुरुष बरोबर तेवढेच होते, आणि त्यातला एकही पाणी भरायला उठला नव्हता.

म्हणजे बायका उठल्या आणि त्यांच्याच नवऱ्यांनी, मुलांनी, दिरांनी हात वर केले. मग झाडाखाली उभं राहून विषय राहिला म्हणून सांगितलं. पुढचे अकरा दिवस एकाच ताटापाशी जेवले आणि एकाही घरात त्यातला शब्द निघाला नाही. पुढच्या गल्लीच्या बायकांना त्या दिवशी नीट पाणीसुद्धा मिळालं नव्हतं. एरवी त्यांनी वसंताच्या दारात हंडे आपटले असते. त्यांना कोणी गप्प बसवलं असेल हेही आता कळत होतं.

मी यादी वरून वाचत गेले. पहिलं नाव शिवाजीचं. सातवं नाव सुमितचं होतं.

सुमित माझा मुलगा.

५

शिवाजी मेंबरनं काही नाकारलं नाही. तो घराबाहेर बाजेवर बसला होता, मी आले तशी बाज माझ्यासाठी मोकळी करून दिली. यादी त्यानं केली होती. बायकांपुढं तोंड उघडायचं नाही हेही त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं. त्याच्या बोलण्यात शरम होती, पण पश्चात्ताप नव्हता.

"पर वसंताला निरोप माझा न्हाई, मावशी," तो म्हणाला. "आन् विहाराच्या कपाटाला मी शिवलो बी न्हाई. पाण्याचं मी करतो, असं सांगणारानं सांगितलं. मी कसं ते इचारलं न्हाई." मग दुसरीकडे बघत म्हणाला, "तुमी बी नका इचारू."

मी विहारात जाऊन बसले. नेहमीच्या जागी, कपाटाकडे पाठ करून. एक मेच्या सकाळी मी याच जागी होते आणि माझ्यामागे कोणीतरी कपाट उघडत होतं. मी तो आवाज पुन्हा आठवू लागले. आधी किल्लीचा. मग कडीचा. मग भांड्यांचा नव्हे, लोखंडाचा, जड. आणि मग परत कडीचा. थोड्या वेळानं सगळं तसंच पुन्हा.

दार खरखरल्याचा आवाज त्यात नव्हता.

परका माणूस ते दार सरळ ओढतो. विहारभर खरखर होते, भिंतीवरची पालसुद्धा पळते. ज्यानं ते दार उघडलं त्याला ते खालून उचलायची सवय होती. ती सवय दोघांना आहे. एक मला. दुसरा तो, ज्याला मी लहानपणापासून दर रविवारी कपाट पुसायला लावलं. दुसरी किल्ली आमच्याच घरात, मिठाच्या बरणीमागं असते. आणि वसंता नाव घ्यायला नाही म्हणाला नव्हता. तुमच्यापुढं घेत नाही, असं म्हणाला होता.

सुमित संध्याकाळी एमआयडीसीतून आला. लोखंडाच्या कारखान्यात आहे तो, रोज जाऊन-येऊन शंभर किलोमीटर मोटारसायकलवर. त्यानं हात धुतले. मी ताट वाढलं आणि समोर बसले.

"चाक तू काढलंस का?"

त्यानं भाकरी मोडली नाही. "हो," म्हणाला.

एवढ्या लवकर तो हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्याच्यासाठी सबबी तयार करून बसले होते.

मग तो हळूहळू बोलला. वसंताला फोन त्यानंच केला होता, माझं नाव सांगून. तीसचं पाणी एकला न्यायला लावलं. माझं नाव होतं म्हणून वसंतानं काही विचारलं नाही. मागच्या गल्लीला जोर दिल्याशिवाय नंदाबाई उठणार नाही हे त्याला माहीत होतं. टाकी सुटल्यावर लाईन भरायला अर्धा तास लागतो, तोपर्यंत चाक बसवून, फिरवून, परत ठेवून तो सभेत जाऊन बसला.

गेल्या थंडीत वडीगोद्रीच्या अलीकडे भीमनगरचे दोघं जण एकाच गाडीवर टिपरखाली गेले. सुमित त्यांच्या मागच्याच गाडीवर होता. ते मला माहीत होतं. त्यानं तिथं काय उचललं हे त्यानं मला आज पहिल्यांदा सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

"तू रोज दिवा लावून काय मागती, आई?" त्यानं विचारलं. "सुमित सुखरूप घरी येऊ दे, हेच न? आता घराजवळ काम भेटून राह्यलं तर."

"आणि नंदामावशी?"

"धुळीवर पाणी मारणार हायेत म्हणले."

"कोण म्हणालं?"

त्यानं ताट बाजूला सारलं. मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "कपाटापाशी मी थांबलो व्हतो, आई. तुला आवाज गेल्ता, तुझी मान हलली. मला वाटलं तू डोळे उघडशील. उघडले असते तर मी चाक तिथंच ठेवून निघून गेलो असतो."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना झाल्यावर मी नंदाबाईकडे गेले आणि सगळं सांगितलं. नाव, वेळ, किल्ली, माझा अर्ज आणि माझे मिटलेले डोळे. यातलं काही गाळता येईल का, याचा मी रात्रभर विचार केला होता.

ती ज्वारी निवडत होती. निवडणं थांबलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "सुमित जेवला का मंग?"

मी नाही म्हटलं.

"त्याला रागवू नका," ती म्हणाली. "त्या दोघांच्या मातीला मी गेल्ते. म्हाईत हाये मला."

मला ती रडायला हवी होती, भांडायला हवी होती. मी तिथून उठले आणि गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे तक्रार लिहिली. सुमितचं नावही लिहिलं. तृप्ती मॅडमनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारून पोच दिली. गोपीकिशनजींकडेही मी पुन्हा गेले. ते खरोखर हळहळले. पण आता मशीन चढलं होतं, माणसं ठरली होती, परवानगी वरपर्यंत पोचली होती. सभेच्या आधी कोणी एक शब्द बोललं असतं तर, असं ते दोनदा म्हणाले.

उत्तर जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. हजेरीनुसार सदर महिला सभेस उपस्थित होत्या. पाणीपुरवठा महिला मंडळाच्या लेखी मागणीनुसार केलेला दिसतो. ठरावाबाबत फेरविचार हवा असल्यास मतदारांच्या सह्यांनिशी विशेष ग्रामसभेची मागणी करावी.

तो मागणीचा कागद घेऊन मी आणि नंदाबाई भीमनगरात दारोदार गेलो. ती प्रत्येक दाराशी थोडी बसायची, मग बोलायची. कोणी आम्हाला वाईट बोललं नाही. कोणी पाणी दिलं, कोणी पाट दिला. एक म्हणाली, घरी विचारून सांगते. एक म्हणाली, माझं माणूस आता दुपारी जेवायला घरी येतं, बाई, लग्नाला चौदा साल झाले, पहिल्यांदा येतं. टिपरखाली गेलेल्यांपैकी एकाची बायको दार लोटून आत गेली. त्रेचाळीस घरं झाली. कागदावर दोन सह्या होत्या, एक नंदाबाईची आणि एक माझी. त्या दोन सह्यांचा कागद मी कचेरीत दिला आणि पोच घेतली.

जुलैत पहिला सुरुंग उडाला. आता सकाळी आठला भोंगा होतो आणि सहापर्यंत यंत्र चालतं. धुळीवर पाणी पहिले चार दिवस मारलं. नंतर टँकरला पाणी कुठून आणायचं, असं झालं. भीमनगरच्या पत्र्यांवर पांढरा थर असतो. सुमित साडेसहाला घरी येतो, अंघोळ करतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली की आता काय मागावं ते मला कळत नाही. मी नुसतं त्रिशरण म्हणते आणि उठते.

नंदाबाई हल्ली दुपारी विहारात येऊन पडते. दार-खिडक्या लावून घेतल्या की, तिच्या घरापेक्षा इथं जरा बरं, म्हणते. काल तिला फारच धाप लागली होती. बसताही येईना, निजताही येईना. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं, पाठीवर हात ठेवला. औषधाची फुसफुस दोनदा मारून झाली होती. आणखी काय करावं ते सुचेना, तेव्हा मला जे एकच येतं ते मी तिला सांगितलं. डोळे मिट, म्हटलं. बाकी काही करू नको. श्वास आत जातो तेव्हा जातो म्हणून बघ, बाहेर येतो तेव्हा येतो म्हणून बघ.

तिनं डोळे मिटले नाहीत. छपराच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आली होती. ती तिच्या तोंडापुढूनच खाली उतरत होती आणि तिच्यात भुकटी फिरत होती. टेकडीवर यंत्र चालू होतं. तिनं दोन श्वास घेतले, सावकाश, मी सांगितलं तसे, त्या तिरिपेकडे बघत.

"बघून राह्यले, बाई," ती म्हणाली. "आत काय जातं ते समदं दिसून राह्यलंय."